‘एकच प्याला’ आणि व्यसनाचे मानसशास्त्र : सुधाकराच्या अधःपाताचे पुनर्वाचन

प्रस्तावना

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी २३ जानेवारी रोजी गडकऱ्यांचे निधन झाले होते. नाटकाचा प्रयोग पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. तेव्हापासून आजतागायत मद्यपानाविषयीचे मराठी समाजाचे आकलन घडविण्यात या नाटकाचा वाटा मोठा राहिला आहे. ‘तळीराम’ हे विशेषनाम भाषेत सामान्यनाम होऊन बसले. नाटकाचे शीर्षक तर एखाद्या म्हणीप्रमाणे वापरले जाते. महाविद्यालयातील व्यसनविरोधी व्याख्याने, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतील पथनाट्ये आणि निबंधस्पर्धा यांतून हेच सूत्र वारंवार सांगितले जाते : पहिला प्याला ओठाला लागला की पुढचा सर्वनाश ठरलेला असतो.

प्रस्तुत लेखात या सूत्राची मानसशास्त्रीय दृष्टिकोनातून चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. या नाटकात व्यसनाविषयीच्या दोन उपपत्ती आढळतात, असे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. पहिली उपपत्ती पात्रांच्या मुखातून येते व तीच शीर्षकात अवतरली आहे. दुसरी कोणी बोलून दाखवीत नाही. ती घटनाक्रमातून प्रकट होते. या दोन उपपत्ती परस्परांशी सुसंगत नाहीत. गेल्या सहा-सात दशकांतील संशोधन पाहता दुसरी उपपत्ती अधिक ग्राह्य ठरते. आपण मात्र विद्यार्थ्यांपुढे बहुधा पहिलीच ठेवत आलो आहोत.

शीर्षकातील सिद्धांत

रामलालशी झालेल्या प्रसिद्ध संवादात सुधाकर मद्यपीच्या अवस्था क्रमाने उलगडून दाखवितो. दारू सोडण्याची खरी संधी पहिला प्याला घेण्यापूर्वीच असते, त्यानंतर माणूस आपला राहत नाही, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. हे विवेचन इतके प्रभावी आहे की वाचक त्याला नाटककाराचे मत मानून मोकळा होतो. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले होते आणि मद्यपाननिषेधाला राष्ट्रीय चळवळीचे अंग मानले जात होते. त्या वातावरणात हा सिद्धांत प्रेक्षकांना स्वाभाविक वाटला असल्यास नवल नाही.

यानंतर काही दशकांनी अमेरिकेत ई. एम. जेलिनेक यांनी मद्यासक्तीच्या अवस्थांची मांडणी केली आणि १९६० साली मद्यासक्ती हा रोग आहे, या संकल्पनेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काही प्रकारच्या मद्यासक्तीत एकदा पिणे सुरू झाले की नियंत्रण सुटते, हा त्यांच्या मांडणीचा महत्त्वाचा भाग होता. सुधाकराने सांगितलेल्या अवस्था आणि जेलिनेक यांच्या अवस्था यांत वरवर पाहता साम्य दिसते. या रोगसंकल्पनेने मद्यपीला पापी न मानता रुग्ण मानण्याचा मार्ग मोकळा केला, हे तिचे ऐतिहासिक श्रेय नाकारता येत नाही.

तथापि जेलिनेक यांच्या सुरुवातीच्या अभ्यासाची एक मर्यादा लक्षात घ्यावयास हवी. तो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या सदस्यांनी भरून दिलेल्या प्रश्नावलींवर आधारलेला होता आणि त्यांतील केवळ ९८ प्रश्नावली विश्लेषणास योग्य ठरल्या. ज्यांचे पिणे हाताबाहेर गेले आणि जे अखेरीस मदतीसाठी संघटनेकडे आले, तेच या नमुन्यात होते. जे प्याले आणि थांबले, किंवा आपल्या बळावर बाहेर पडले, त्यांना या नमुन्यात स्थान असण्याचा प्रश्नच नव्हता. बुडालेल्यांच्या आठवणींतून नदीचा नकाशा काढावा, तसा हा प्रकार होता. सुधाकराच्या विवेचनालाही हीच मर्यादा लागू पडते. तो स्वतःच्या अनुभवावरून सर्व मद्यपींचे भवितव्य सांगत असतो.

पहिल्या प्याल्यापूर्वीचा सुधाकर

सुधाकर पहिला प्याला का घेतो, हा प्रश्न मराठी नाट्यसमीक्षेत पुनःपुन्हा विचारला गेला आहे. न्यायालयात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी रद्द होते आणि या अपमानाचा विसर पडावा म्हणून कारकून तळीराम त्याच्या हाती प्याला देतो. बुद्धिमान, सुशिक्षित, सुखी संसार असलेला वकील एवढ्या कारणाने रसातळाला जाईल काय, असा आक्षेप घेतला जातो.

हा आक्षेप घटनेच्या आकाराकडे पाहतो, घटनेच्या अर्थाकडे पाहत नाही. सुधाकर स्वकर्तृत्वावर वर आलेला अत्यंत मानी पुरुष आहे. त्याची पत्नी सिंधू श्रीमंत घरची आहे. अशा माणसाच्या दृष्टीने वकिली हे केवळ उपजीविकेचे साधन नसून स्वतःच्या मूल्याचा एकमेव पुरावा असतो. तो पुरावाच भर न्यायालयात हिरावला जातो. अपयश पचविण्याची कोणतीही अन्य रीत या माणसाने शिकलेली नाही. दुःख बोलून दाखविणे त्याला कमीपणाचे वाटते आणि ज्याच्याशी मनमोकळेपणे बोलावे तो मित्र रामलाल विलायतेस निघून गेला आहे.

एडवर्ड खांत्झियन या मनोविश्लेषकाने १९८५ साली मांडलेल्या गृहीतकानुसार व्यसनी व्यक्ती मुख्यतः सुखाच्या शोधात नसते. असह्य झालेल्या भावनांवर ती स्वतःच औषध शोधत असते. सुधाकराचे औषध हे शरमेवरचे औषध आहे. हे गृहीतक सर्वांना सारखेच लागू पडत नाही. अनेकजण सोबत, कुतूहल किंवा निव्वळ मौजेपोटी पिऊ लागतात. परंतु सुधाकराच्या बाबतीत ते नेमके बसते. येथे एक दुष्टचक्रही दिसते. ज्या शरमेपासून सुटका हवी म्हणून तो पितो, तीच शरम पिण्यामुळे वाढते आणि वाढलेली शरम पुन्हा प्याला मागते. गडकऱ्यांनी हे चक्र कोठेही व्याख्येच्या रूपात सांगितलेले नाही; परंतु पहिल्या तीन अंकांची गती त्यावरच चालते.

भगीरथाचे उदाहरण

शीर्षकातील सिद्धांताला सर्वांत मोठा अडथळा नाटकातच उभा आहे. तो म्हणजे भगीरथ. हा तरुण प्रेमभंगाच्या दुःखातून दारूकडे वळलेला आहे आणि तळीरामाच्या आर्यमदिरा मंडळात वावरणारा आहे. त्याने केवळ पहिलाच नव्हे तर पुढचे अनेक प्याले घेतले आहेत. तरीही रामलालच्या संगतीत तो दारू सोडतो आणि सेवाकार्यात रमतो. पहिला प्याला हेच जर अटळ नियतीचे दार असेल तर भगीरथ त्या दारातून परत कसा आला, याचे उत्तर सिद्धांताकडे नाही.

भगीरथाला मिळालेल्या आणि सुधाकराला न मिळालेल्या गोष्टींची तुलना उद्बोधक आहे. भगीरथाला रामलाल भेटतो तो तिरस्कार न करणारा माणूस म्हणून. त्याला जुन्या मंडळाऐवजी नवी संगत मिळते. रिकाम्या झालेल्या वेळेला काम मिळते आणि समाजात पुन्हा एक स्थान मिळते. म्हणजेच दारू वजा केल्यावर जी पोकळी उरते ती भरण्याची सोय त्याच्या बाबतीत होते.

या निरीक्षणाला संशोधनाचा भक्कम आधार आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा ठरला. व्हिएतनाममध्ये असताना जवळपास पाचपैकी एक सैनिक हेरॉईनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात यांपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाल्याचे आढळले. पदार्थ तोच होता, शरीरही तेच होते; बदलले होते ते ठिकाण, संगत आणि जगण्याचे स्वरूप. युद्धभूमीवरील परिस्थिती अपवादात्मक होती, म्हणून या निष्कर्षाचे सरसकट सामान्यीकरण करणे योग्य होणार नाही. परंतु पदार्थाशी एकदा संबंध आला की पुढचे सारे अटळ, ही समजूत या अभ्यासाने खंडित केली, यात शंका नाही.

परतीच्या वाटेवरील अपमान

सुधाकराच्या शोकांतिकेचा निर्णायक क्षण कोणता? परंपरेने याचे उत्तर ‘पहिला प्याला’ असे दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते तो क्षण नाटकाच्या उत्तरार्धात आहे. सुधाकर एकदा दारू सोडण्याचा निश्चय करतो. तो निश्चय दांभिक नाही. कामधंदा मिळवावा, संसार सावरावा म्हणून तो प्रतिष्ठितांकडे जातो आणि दारुडा म्हणून त्याची सर्वत्र अवहेलना होते. पूर्वीच्या अपमानाने ज्याला प्याल्याकडे ढकलले त्याला आता समाज दुसऱ्यांदा, अधिक जोराने, त्याच दिशेला ढकलतो. सुधाकर परत फिरतो आणि या वेळी पिण्याला शेवटापर्यंत खंड पडत नाही.

ॲलन मार्लाट आणि जुडिथ गॉर्डन यांचा रिलॅप्सच्या प्रतिबंधाविषयीचा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. व्यसन सोडल्यानंतर माणूस पुन्हा त्याकडे का वळतो, याचा शोध घेताना त्यांना तीन परिस्थिती प्रामुख्याने आढळल्या : नैराश्य, राग, शरम यांसारख्या नकारात्मक भावना, परस्परसंबंधांतील संघर्ष, आणि सभोवतालचा दबाव. त्यांनी अभ्यासलेल्या प्रसंगांपैकी जवळपास तीन चतुर्थांश प्रसंग या तीन प्रकारांत मोडत होते. सुधाकराच्या बाबतीत यांतील पहिले दोन घटक एकाच वेळी उपस्थित आहेत आणि तिसरा, म्हणजे तळीरामाच्या मंडळाची वाट, त्याच्या पायाखालची आहे. सामना करण्याचे कौशल्य मात्र त्याच्याजवळ एकही नाही. त्याच्याजवळ आहे ती फक्त शपथ.

शपथेविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे देवासमोर, आईवडिलांच्या पायांवर हात ठेवून दारू सोडण्याची रूढी आहे. शपथ हेतू व्यक्त करते, साधन पुरवीत नाही. दीर्घकाळ व अतिप्रमाणात पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात व ते प्रसंगी जिवावर बेततात. म्हणून वैद्यकीय देखरेख लागते. शरीर सावरल्यानंतरही तलफ येईल तेव्हा काय करावयाचे, जुना सोबती भेटला तर कोणते शब्द बोलावयाचे, अपमान झाला तर कोणाकडे जावयाचे, याची पूर्वतयारी करावी लागते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्थांनी महाराष्ट्रात उपचाराबरोबरच पाठपुरावा आणि कुटुंबीयांचा सहभाग यांना महत्त्व दिले, त्यामागे हेच तत्त्व आहे.

श्रद्धाच कारण ठरते तेव्हा

आता एक अधिक गंभीर मुद्दा. ‘एक प्याला म्हणजे सर्वनाश’ ही समजूत केवळ अपुरी आहे असे नव्हे, तर ती स्वतःच सर्वनाशाचे एक कारण बनू शकते.

१९७३ साली मार्लाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ३२ मद्यासक्त व ३२ सामान्य मद्यपी पुरुषांना पेयांची चव पारखण्याच्या निमित्ताने हवे तेवढे पिऊ दिले. काहींना पेयात व्होडका असल्याचे सांगितले, काहींना नसल्याचे. आणि प्रत्यक्षात व्होडका असणे-नसणे या सांगण्यापासून स्वतंत्र ठेवले. पेयात दारू आहे असे ज्यांना वाटले ते अधिक प्याले, मग प्रत्यक्षात त्यात दारू असो वा नसो. प्रयोग प्रयोगशाळेतला व अल्पकाळाचा होता. त्यावरून मद्याच्या शारीरिक परिणामांना नगण्य मानता येणार नाही. परंतु नियंत्रण सुटण्याच्या घटनेत अपेक्षेचा वाटा किती मोठा असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे व्रतभंगाच्या मानसिक परिणामाची संकल्पना. दारू सोडलेला माणूस एखाद्या प्रसंगी घोटभर पितो. त्यानंतर तो या घटनेचा अर्थ कसा लावतो, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. ‘आज कठीण प्रसंगात चूक झाली, उद्या अधिक सावध राहू’ असा अर्थ लावणारा सावरण्याची शक्यता अधिक असते. ‘मी मुळातच नालायक, आता सारे संपले’ असा अर्थ लावणारा उरलेली बाटली संपवितो. सुधाकराने परतीचा मार्ग नाही हे रामलालला आधीच पटवून दिलेले असते आणि त्याहून अधिक ते स्वतःला पटविलेले असते. म्हणून दुसऱ्या पतनानंतर तो स्वतःला मदतीस पात्रच मानत नाही. या अर्थाने पाहता नाटकाचे शीर्षक सुधाकराच्या पतनाचे स्पष्टीकरण न राहता त्याच्या पतनाचा एक घटक ठरते.

सिंधू आणि कुटुंबाचा प्रश्न

सिंधूविषयी दोन टोकांची मते आढळतात. एका बाजूस तिला पातिव्रत्याची मूर्ती म्हणून पूजिले जाते. दुसऱ्या बाजूस तिच्या सोशिकपणानेच सुधाकर बिघडला, असे सूचित केले जाते. हे दुसरे मत आधुनिक वाटत असले तरी ते जुनेच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य मानसोपचारातही मद्यपीच्या पत्नीच्या व्यक्तिमत्त्वातच दोष शोधण्याची प्रवृत्ती होती. जोन जॅक्सन यांनी १९५४ साली तिला छेद दिला. पत्नीचे वर्तन हे तिच्या विकृतीचे लक्षण नसून दीर्घ संकटाशी जुळवून घेण्याचा प्रयत्न असतो, असे त्यांनी दाखविले. पुढे जिम ऑरफर्ड यांनी अनेक देशांतील कुटुंबांच्या अभ्यासातून हीच भूमिका विकसित केली : कुटुंबीय ताण सोसतात, त्याला तोंड देण्याच्या रीती शोधतात आणि त्यांना मिळणाऱ्या आधारावर त्या रीतींचे यश अवलंबून असते.

या दृष्टीने पाहता सिंधूपुढील पर्याय किती थोडे होते हे ध्यानात येते. माहेरचा पैसा घ्यावयाचा नाही, या बंधनामुळे ती दळण दळून दिवस काढते. सुधाकराच्या हातून मूल दगावते, ती स्वतः प्राणांतिक जखमी होते, तरी फौजदारापुढे ती पतीला वाचविण्यासाठी असत्य बोलते. नाटक या असत्याला तिच्या चारित्र्याचा कळस मानते. आजच्या वाचकाने येथे थांबून विचार करणे आवश्यक आहे. या घरात दोन समस्या आहेत : मद्यासक्ती आणि हिंसा. पहिली सुटली की दुसरी आपोआप सुटते, असे मानण्यास आधार नाही.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत समुपदेशन केले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के, तर तुलना-गटात २६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. साध्या, सन्मानपूर्वक संवादाचा उपयोग होतो, हे यावरून दिसते. परंतु पत्नीवरील हिंसेच्या बाबतीत दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. सिंधूच्या सुरक्षिततेचा प्रश्न सुधाकराच्या उपचारात विलीन करून चालणार नाही, हा त्याचा अर्थ आहे.

अध्यापनासंबंधी काही विचार

‘भारतातील मादक पदार्थांच्या वापराचे प्रमाण’ या विषयावरील २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षण अहवालानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्यपान करणारे होते. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के होते. २.७ टक्के लोक मद्यावलंबी होते आणि अशा ३८ व्यक्तींमागे एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे आढळले. म्हणजे पिणाऱ्यांपैकी बहुसंख्य अवलंबित्वाच्या अवस्थेला पोचलेले नव्हते आणि जे पोचले होते त्यांपैकी बहुसंख्य मदतीपासून दूर होते. २०१३ साली आलेल्या अमेरिकी निदानपद्धतीनेही ‘दारुडा’ व ‘निर्व्यसनी’ अशी दुफळी न ठेवता सौम्य, मध्यम व तीव्र अशी श्रेणी स्वीकारली आहे.

आपल्या वर्गातही हीच श्रेणी बसलेली असते. पहिला प्याला न घेतलेल्या विद्यार्थ्याला ‘एकच प्याला’चे सूत्र कदाचित सावध करील. परंतु ज्याने तो घेतला आहे, आणि ज्याच्या घरी वडील रोज तो घेतात, त्या विद्यार्थ्याला या सूत्रातून काय ऐकू येते? स्वतःविषयी किंवा वडिलांविषयी ‘आता उपयोग नाही’ एवढेच त्याला ऐकू येण्याचा संभव आहे. असा विद्यार्थी व्याख्यानानंतर शिक्षकाकडे येणार नाही. तो गप्प राहील. मदत मागण्याचे दार सर्वांत आधी त्याच्यासाठी बंद होते.

याचा अर्थ पूर्ण वर्ज्यतेचा आग्रह चुकीचा आहे असा मुळीच नाही. तीव्र अवलंबित्व असलेल्यांसाठी तोच सुरक्षित मार्ग आहे आणि ‘पहिला प्याला टाळा’ हे वाक्य अशा अनेकांना दररोज बळ देते. मात्र ते वाक्य संकल्प म्हणून उच्चारणे आणि भाकीत म्हणून उच्चारणे यांत मूलभूत अंतर आहे. संकल्प करणारा स्वतःला कर्ता मानतो. भाकीत ऐकणारा स्वतःला आरोपी मानू लागतो. गडकऱ्यांच्या शीर्षकाला आपण भाकिताचे रूप दिले, ही आपल्या वाचनातील उणीव आहे.

समारोप

‘एकच प्याला’चे सामर्थ्य असे की त्यातील घटना त्यातील सिद्धांतापेक्षा अधिक सखोल आहेत. सुधाकर सांगतो की परतीची वाट नाही. भगीरथ ती वाट चालून दाखवितो. सुधाकर स्वतःही त्या वाटेवर काही पावले टाकतो आणि प्रतिष्ठितांची बंद दारे त्याला मागे फिरवितात. व्यसनाची कारणे केवळ पदार्थात नाहीत, केवळ व्यक्तीच्या दुर्बलतेत नाहीत आणि केवळ परिस्थितीतही नाहीत. या तिन्हींच्या परस्परसंबंधात ती शोधावी लागतात, हे मानसशास्त्राने दीर्घ प्रवासानंतर मान्य केले. नाटककाराच्या प्रतिभेने ते १९१९ पूर्वीच पात्रांच्या जीवनातून मांडले होते.

म्हणून हे नाटक अभ्यासक्रमातून वा व्यसनमुक्तीच्या व्यासपीठावरून दूर करण्याचे कारण नाही. ते चौथ्या अंकावर अधिक भर देऊन शिकविले जावे, एवढीच अपेक्षा आहे. दारू सोडून कामाच्या शोधात निघालेला सुधाकर आपल्या दाराशी आला असता आपण त्याला काय उत्तर दिले असते, हा प्रश्न त्या वर्गात विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर विद्यार्थ्यांइतकेच अध्यापकांनाही द्यावे लागेल.